डोळ्यांच्या ओपीडीतला पहिला महिना

बाकावर बसलेली आजी म्हणते, ‘बाय, म्हाका बरें दिसना. पडदो आयला.’ आत डॉक्टर त्याच आजीच्या केसपेपरवर आद्याक्षरं आणि आकड्यांच्या तीन ओळी लिहितात. नव्यानं कामाला लागलेल्या मुलीला पहिल्या दिवशी यातलं काहीच कळत नाही. मी गोव्यातल्या फोंड्यात अठरा वर्षं या दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसतोय. आधी नजर तपासायचा अक्षरांचा चार्ट दाखवायचो, आता चार्ट दाखवणाऱ्यांना शिकवतो. त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथं लिहिलंय. पेशंटचा शब्द म्हणजे निदान नव्हे, पण तो बदलून लिहायचा नाही. आजी ‘पडदा’ म्हणाली तर ‘पडदा’च लिहा, आणि पुढं दोन प्रश्न विचारा.

पुस्तकं शरीररचनेपासून सुरू होतात. मी दारापासून सुरू करतो, कारण पहिल्या दिवशी तुमच्या हातून कुणाचा डोळा जाऊ शकतो तो दारातच.

रांगेत बसवायचं नाही असे लोक

चुना, ॲसिड, फिनेल किंवा काजूच्या टरफलातलं तेल, डोळ्यात काहीही गेलेला माणूस आला की आधी नळ, मग नाव. पापणी उघडून धरा, निदान अर्धा तास वाहत्या स्वच्छ पाण्यानं किंवा सलाइननं धूत राहा आणि दुसऱ्याला डॉक्टरांना बोलवायला पाठवा. चुना सर्वांत वाईट. अल्कली असल्यामुळे तो ॲसिडपेक्षा खोल शिरतो, आणि त्याची कणी वरच्या पापणीखाली अडकली तर पाणी ओतूनही जाळत राहते. ती डॉक्टर पापणी उलटून काढतात. आमच्याकडे अशी मुलं येतात ती बहुतेक आजोबांची पानाच्या चुन्याची पुडी दाबून फोडलेली.

एकाएकी दिसेनासं झालं, दुखत मात्र नाही, तर लगेच आत. काजवे चमकतात, काळे ठिपके उडतात, कडेनं सावली सरकत येते, तर लगेच आत. हा खरा ‘पडदा’, म्हणजे डोळ्याच्या मागचं अस्तर, सुटत असण्याची शक्यता आहे. डोळा लाल, डोकं फुटतंय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात आणि उलटी होतेय, तर तोही लगेच आत. या शेवटच्या पेशंटला घरचे पित्त समजून आधी पोटाच्या डॉक्टरकडे नेतात. हा काचबिंदूचा झटका असू शकतो आणि त्यात तासांचा हिशोब असतो.

कॉन्टॅक्ट लेन्स घालून समुद्रात उतरलेले किंवा लेन्ससकट झोपलेले पर्यटक डिसेंबरात हमखास येतात. त्यांचा लाल, दुखरा डोळा ‘डोळे आलेत’ म्हणून बाकावर ठेवू नका. भात कापताना पातं लागलं, माडाचं झावळ डोळ्यावर आपटलं, तेही त्याच दिवशी दाखवायचं. झाडापानाच्या जखमेत बुरशी धरते आणि बुरशीची जखम पहिले काही दिवस फार साधी दिसते. ग्राइंडरची कणी गेलेल्या माणसाची कणी कापसाच्या बोळ्यानं काढायचा पराक्रम करू नका. डोळ्याला आरपार मार लागल्याची नुसती शंका असली तरी डोळा दाबायचा नाही, धुवायचा नाही, थेंब घालायचा नाही. वर कडक कवच ठेवून डॉक्टरकडे. रात्रीची वेळ असेल तर १०८ आणि बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ.

लहान मुलाच्या फोटोत एका डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसते असं आई सांगत आली, तर ‘फ्लॅशमुळे असेल’ म्हणायचं नाही. बाहुलीतला पांढरेपणा डोळ्यातल्या गाठीचा असू शकतो.

आरसा आणि टॉर्च

आता रचना. आरशासमोर उभं राहा.

पापणीच्या कडेला तेलाच्या ग्रंथींची बारीक तोंडं असतात. त्यातली एखादी किंवा केसाचं मूळ पिकलं की रांजणवाडी. पांढरा भाग श्वेतपटल. त्याच्यावर आणि पापणीच्या आतून पसरलेली पातळ ओली त्वचा सुजते तेव्हा आपण ‘डोळे आले’ म्हणतो. मधल्या काळ्या-तपकिरी गोलाला लोक सरसकट ‘बुबुळ’ म्हणतात, आणि घोळ इथूनच सुरू होतो. त्यात पुढं घड्याळाच्या काचेसारखं पारदर्शक पारपटल, म्हणजे कॉर्निया. त्याच्यामागं रंगीत पडदी, म्हणजे आयरिस. आणि तिच्या मधलं भोक म्हणजे बाहुली. ‘बुबुळाला लागलं’ म्हणणाऱ्या पेशंटला या तिन्हीपैकी कुठंही लागलेलं असू शकतं. जसं सांगितलं तसं लिहा.

कॉर्निया जेमतेम बारा मिलिमीटर रुंद आणि मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड. त्यात रक्तवाहिन्या नाहीत; प्राणवायू मुख्यतः अश्रूंतून मिळतो. लेन्स घालून झोपलेल्यांचा डोळा का रुसतो ते यावरून कळेल. प्रकाश वळवायचं मोठं काम हाच करतो: डायॉप्टर हे भिंगाच्या ताकदीचं माप, आणि डोळ्याच्या एकूण साठेक डायॉप्टरपैकी सुमारे त्रेचाळीस याचे. उरलेलं काम बाहुलीमागच्या नैसर्गिक भिंगाचं. हे भिंग गढूळ झालं की मोतीबिंदू. मागं आतून अस्तरासारखा दृष्टिपटल, म्हणजे रेटिना. त्यातला बारीक वाचणारा मधला ठिपका मॅक्युला, आणि सगळ्या तारा एकत्र होऊन मेंदूकडे जातात ती दृष्टिमज्जा.

पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत तयार होतं आणि कॉर्निया व आयरिसच्या कोपऱ्यातून निचरून जातं. याचा अश्रूंशी काही संबंध नाही. निचरा अडला की डोळ्याचं प्रेशर वाढतं, आणि दृष्टिमज्जा झिजू लागली की तो काचबिंदू. ‘माझं बीपी नॉर्मल आहे, मग डोळ्याचं प्रेशर कसं?’ हा प्रश्न तुम्हाला आठवड्यातून दोनदा तरी येईल. दोन वेगळी प्रेशर आहेत एवढंच सांगा.

‘पडदा’, ‘मोती’ आणि ‘डोळे आले’

‘पडदा’ या एका शब्दात मी आजवर चार आजार पाहिलेत. कुणी मोतीबिंदूला पडदा म्हणतं. कुणी नाकाच्या बाजूनं कॉर्नियावर चढलेल्या मांसाला. ते उन्हात आणि वाऱ्यात आयुष्य काढलेल्या रापणकार मच्छीमारांत आणि शेतकऱ्यांत जास्त दिसतं. कुणी रेटिनाला. आणि कुणाच्या डोळ्यावर जुन्या जखमेचा पांढरा वण असतो, ज्याला दुसरं कुणी ‘फूल पडलं’ म्हणेल. म्हणून विचारायचे प्रश्न दोन: कधीपासून, आणि आरशात दिसतो की नुसता तुम्हाला जाणवतो? आरशात दिसणारा पडदा सहसा थांबू शकतो. नुसता जाणवणारा आणि कालपासूनचा असेल तर थांबू शकत नाही.

मोतीबिंदूबद्दल ‘पिकू दे, मग काढू’ हे अजून ऐकू येतं. पूर्वीच्या शस्त्रक्रियेत तसं करत. आता रोजच्या कामाला अडचण झाली की काढतात. फार पिकलेला मोती कडक होतो आणि उलट त्रास देतो. याची एक गंमत लक्षात ठेवा. पासष्टीचे गृहस्थ खुशीत येऊन सांगतात, ‘आता चाळिशी न लावता पेपर वाचतो!’ नजर तरुण झालेली नसते. भिंगाचा गाभा घट्ट होऊन नंबर मायनसकडे सरकलेला असतो, आणि लांबचं विचारलंत तर कदंबा बसवरची पाटी वाचता येत नसते.

मोती काढल्यावर आत कृत्रिम भिंग बसतं. त्याचा जन्म दुसऱ्या महायुद्धाशी जोडलेला आहे. विमानाच्या फुटलेल्या छताचे प्लास्टिकचे तुकडे काही वैमानिकांच्या डोळ्यात गेले होते आणि डोळ्यानं ते मुकाट सहन केले, हे लंडनच्या हॅरल्ड रिडली यांनी पाहिलं. १९४९ मध्ये त्यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकचं पहिलं भिंग डोळ्यात बसवलं.

काचबिंदूला, झटका सोडला तर, तक्रारच नसते. बाजूची नजर हळूहळू झिजते आणि गेलेली परत येत नाही. त्यामुळे ‘आई-वडील, भावंडांत कुणाला काचबिंदू?’ हा प्रश्न पेशंट कंटाळला तरी विचारायचा. प्रेशर साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा असावं म्हणतात, पण २१ च्या आतही काचबिंदू असतो. म्हणून ‘प्रेशर नॉर्मल आहे, काही नाही’ हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही.

आणि साखर. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात सर्वांत जास्त निघालं, २६.४ टक्के. म्हणजे आपल्या बाकावर चार मोठी माणसं बसली असतील तर त्यातल्या एकाला साखर आहे असं धरूनच चाला. ‘डायबेटिस आहे का?’ विचारलं तर ‘ना’ म्हणतात. ‘गोळी घेता का, कशाची?’ विचारलं तर पिशवीतून निघते. चांगलं दिसत असलं तरी यांचा रेटिना वर्षातून एकदा बाहुली मोठी करून बघायचा असतो. साखर वरखाली होत असेल तर नंबरही वरखाली होतो, त्यामुळे अशा पेशंटला डॉक्टर लगेच चष्मा देत नाहीत. चष्म्याच्या दुकानदाराला दोष द्यायच्या आधी हे आठवा.

चार्टसमोर

स्नेलेनचा चार्ट १८६२ चा, डच डॉक्टर हर्मन स्नेलेन यांचा. ६/६० म्हणजे सामान्य नजर जे साठ मीटरवरून वाचते ते हा माणूस सहा मीटरवरून वाचतो. वरचा आकडा पेशंटचं अंतर, खालचा ओळीचा. इतकंच.

पहिलं काम म्हणजे पट्टी घेऊन चार्ट मोजा. ६/६ च्या ओळीतलं अक्षर जेमतेम नऊ मिलिमीटर उंच आणि ६/६० चं सुमारे ८७ मिलिमीटर असायला हवं. झेरॉक्स करून लॅमिनेट केलेला चार्ट आक्रसलेला असतो आणि सगळ्या गावाला चष्मे लावतो.

दुसरं, लिपी विचारा. गोव्यात हे फार महत्त्वाचं. मराठी शाळेत शिकलेल्या आजीला देवनागरी, दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतल्या एखाद्या म्हाताऱ्या मामाला फक्त रोमी, म्हणजे रोमन लिपी, तर बांधकामावरच्या मजुराला कदाचित कन्नडच येत असेल. ज्याला अक्षर येत नाही तो लाजेनं ‘दिसना’ म्हणतो आणि आपण ६/६० लिहून मोकळे. न वाचणाऱ्यासाठी ‘ई’चा चार्ट असतो, तोंड कुठल्या बाजूला ते हातानं दाखवायला सांगा.

मग क्रम. आधी उजवा, नेहमी उजवा. डावा तळहातानं झाका, बोटांनी नाही, कारण बोटांच्या फटीतून सगळे बघतात, मुलं तर नक्कीच. डोळा दाबू नका, नाहीतर पुढची दोन मिनिटं त्या डोळ्याला धूसर दिसतं. चष्म्याविना, मग चष्म्यासह, मग पिनहोल, म्हणजे बारीक भोक पाडलेली चकती. पिनहोलमधून नजर सुधारली तर बहुधा नंबरचा प्रश्न. नाही सुधारली तर कारण दुसरं शोधावं लागेल. पिनहोल दोन मिनिटांचं काम आहे आणि घाईत सगळ्यात आधी तेच गळतं, हे माझं जुनं रडगाणं.

वरचं मोठं अक्षरही दिसत नसेल तर पेशंटला पुढं न्या: ३/६०, १/६०. मग बोटं मोजायला लावा, मग हात हलवून बघा, मग टॉर्च, आणि टॉर्च चारही बाजूंनी. उजेडसुद्धा कळत नाही हे लिहिण्यापूर्वी दुसरा डोळा खरोखर बंद आहे का ते पुन्हा पाहा.

नजर लिहिल्याशिवाय डोळ्यात कुठलाही थेंब घालायचा नाही. थेंबानंतर खराब दिसलं तर आधी किती दिसत होतं हे सांगायला तुमच्याकडे तो एकच पुरावा असतो.

नंबर

डायॉप्टर म्हणजे मीटरमधल्या अंतराचा उलटा आकडा. +१ चं भिंग उन्हाचा ठिपका एक मीटरवर पाडतं, +२ चं अर्ध्या मीटरवर. यावरून −२ च्या मुलाला चष्म्याविना अर्ध्या मीटरपर्यंतच स्वच्छ दिसतं, −४ च्या मुलाला पाव मीटरपर्यंत. पालकांना ‘नंबर दोन आहे’ सांगण्यापेक्षा हात लांब करून ‘इथपर्यंत दिसतं’ दाखवा, चेहरे बदलतात.

मायनस लांबचं दिसत नसलेल्यांसाठी, भिंग मध्ये पातळ. प्लस मध्ये जाड. हातात आलेला चष्मा कसा ओळखायचा? त्यातून खिडकीची चौकट बघत चष्मा हळूच बाजूला हलवा. चौकट चष्म्याबरोबर सरकली तर मायनस, उलटी गेली तर प्लस. चष्मा गोल फिरवल्यावर चौकटीची रेघ कात्रीसारखी तिरपी झाली तर त्यात सिलिंडर आहे.

सिलिंडर म्हणजे डोळ्याचा घुमट सगळीकडून सारखा गोल नाही, एका बाजूला जास्त वळलेला. म्हणून किती आणि कुठल्या कोनात असे दोन आकडे लागतात. कोन १ ते १८० मध्येच. कागदावर आधी साधा नंबर, मग सिलिंडर, मग कोन. −१.०० / −०.५० × १८० आणि −१.५० / +०.५० × ९० हा एकच चष्मा आहे. पहिले दोन आकडे मिळवा, सिलिंडरचं चिन्ह उलटं करा, कोनात ९० मिळवा किंवा वजा करा. दहा उदाहरणं वहीत सोडवली की आयुष्यभर पुरतं.

चिन्ह मात्र ठळक काढा. कामाला लागलो त्या वर्षी मी एका निवृत्त मास्तरांच्या कागदावर +२.०० च्या जागी −२.०० लिहिलं. चष्मा झाला, पैसे गेले, आठवड्यानं मास्तर परत आले आणि म्हणाले, ‘बाबा, गणितात चिन्हाला मार्क असतात की नाही?’ तेव्हापासून मी कागदावर लिहिलेलं पुन्हा मोठ्यानं वाचून दाखवायला लावतो.

चाळिशी हा शब्दच किती नेमका आहे! आतलं भिंग वयानं ताठर होतं आणि चाळिशीच्या आसपास पेपर हाताएवढा लांब जातो. जवळचा नंबर +१ च्या आगेमागे सुरू होतो आणि साठीपर्यंत +२.५० च्या जवळ थांबतो. मशीनवर आलेला नंबर, ज्याला पेशंट ‘कॉम्प्युटर’ म्हणतात, हा अंदाज असतो. मुलं मशीनमध्ये बघताना डोळा ताणतात आणि मायनस वाढीव येतो, म्हणून त्यांना थेंब घालून पुन्हा तपासतात. मुलाचा एक डोळा चांगला आणि दुसरा मागं असेल तर ते नीट नोंदवा. आळशी डोळ्याचा उपचार सात-आठ वर्षांच्या आत सर्वांत चांगला लागू पडतो, आणि ‘मोठा झाला की सुधारेल’ म्हणत बसलं की तीच वर्षं जातात.

थेंब

बाटलीचं नाव वाचा. झाकणाच्या रंगावर विसंबू नका. कानाची बाटली दिसायला तशीच असते.

बाहुली मोठी करायचा थेंब आपल्याकडे बहुधा ट्रॉपिकामाइड आणि फेनिलेफ्रिन मिळून असतो. वीस-तीस मिनिटांत बाहुली मोठी, पुढं चार-सहा तास धूसर आणि ऊन सहन होत नाही. घालण्याआधी विचारा: आलात कसे? स्कूटर घेऊन आला असेल तर सांगा, परत पायलटच्या, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागं बसून जा किंवा मुलाला बोलवा. रक्तदाब, हृदयाचा त्रास किंवा पूर्वी ‘कोपरा अरुंद आहे’ असं कुणी सांगितलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मुलांना बाहुली मोठी करायला दिलेल्या ॲट्रोपिनचा परिणाम आठवडा-दोन आठवडे राहतो. हे आईला आधी सांगितलं नाही तर दुसऱ्या दिवशी तिचा रडवेला फोन येतो.

काचबिंदूचा टिमोलॉल थेंब दम्याच्या आणि मंद नाडीच्या पेशंटला चालत नाही. डोळ्यातला थेंब नाकात आणि तिथून रक्तात जातो. ‘दमा आहे का?’ हे तुम्ही विचारलंत तर डॉक्टरही खूश होतील. काचबिंदूचाच दुसरा थेंब लॅटॅनोप्रॉस्ट, रोज एकदाच, सहसा रात्री. डोळा बधिर करायचा थेंब कुणी कितीही गयावया केली तरी घरी द्यायचा नाही. दुखणं कळेनासं होतं आणि कॉर्निया विरघळत जातो.

स्टेरॉइडबद्दल मी जरा जास्तच बोलतो. फार्मसीतून ‘लाल डोळ्याचं औषध’ म्हणून मिळालेल्या बाटलीत अँटिबायोटिकबरोबर बरेचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत डोळा पांढरा होतो, पेशंट खूश, आणि पुढच्या वेळी तीच बाटली शेजाऱ्याला. बुरशीच्या जखमेत हे खत घातल्यासारखं आहे, आणि महिनोन्महिने घातलं तर प्रेशर वाढतं, मोती येतो. म्हणून प्रत्येक पेशंटला घरातल्या बाटल्या पिशवीत घालून आणायला सांगा आणि नावं कागदावर उतरवा.

घालायची पद्धत: हात धुवा, मान मागं, खालची पापणी ओढून खळगा करा, एक थेंब. पापणीच्या खळग्यात एक थेंबही पुरता मावत नाही, तेव्हा दुसरा गालावरच जातो. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबा. दुसरं औषध पाच मिनिटांनी, मलम शेवटी. बाटलीचं टोक पापणीला लावायचं नाही. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनानं लिहा. महिन्यानं टाकून द्या, अर्धी उरली तरी.

फोन

महिन्याभरात तुम्हाला फोन उचलायला सांगतील. मोतीच्या ऑपरेशननंतर थोडं खुपणं, थोडं पाणी येणं चालतं. पण दुखणं वाढतंय, नजर कालपेक्षा कमी झालीय, लाली वाढतेय किंवा पू येतोय असं ऐकलं तर ‘उद्या सकाळी या’ म्हणायचं नाही. त्याच वेळी डॉक्टरांना कळवा, आणि ते मिळत नसतील तर म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात, नाहीतर बांबोळीला जायला सांगा. फोनशेजारी एक वही ठेवा: किती वाजता, कोण, कुठला डोळा, काय म्हणाले, आपण काय सांगितलं. ‘काय म्हणाले’ या रकान्यात त्यांचेच शब्द.